राष्ट्रपतींची सही आणि आपल्या ट्रंकेतला दाखला



संविधान दिनानिमित्त पंढरपुरातील एका बुद्ध विहारात मुलांची सामान्यज्ञान स्पर्धा होती. प्रश्न विचारण्याचे काम आमच्याकडे आले. राष्ट्रपतींची नावे क्रमाने सांगा, हा प्रश्न आम्ही मुद्दामच शेवटी ठेवला होता. सातवी-आठवीतली एक मुलगी उभी राहिली आणि राजेंद्रप्रसादांपासून द्रौपदी मुर्मूंपर्यंत पंधराही नावे तिने एका दमात म्हणून दाखवली. टाळ्या झाल्या. वही आणि पेन बक्षीस मिळाले. आयाबाया चहाच्या गडबडीत होत्या. तेवढ्यात ती मुलगी परत आमच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "काका, के. आर. नारायणन आणि रामनाथ कोविंद, आपल्यातले दोघं राष्ट्रपती झाले ना? मग आपल्याला काय मिळालं?"

खरे सांगतो, आम्ही जरा चपापलो. मोठमोठ्या सभांत हा प्रश्न कुणी विचारत नाही. तेथे 'आपला माणूस सर्वोच्च पदावर' एवढे म्हटले की टाळ्या पडतात. मुलीला त्या वेळी आम्ही काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. घरी आल्यावर मात्र ते आम्हालाच पटेना. म्हणून आजचा हा मजकूर तिच्यासाठी, आणि ज्यांच्या घरात अशी प्रश्न विचारणारी लेकरे आहेत त्या सर्व मातापित्यांसाठी.

दोन पंढरपुरे

आम्ही ज्या गावी राहतो त्या गावाचे नाव आपल्या चळवळीच्या इतिहासात एका हळव्या प्रसंगाने नोंदले गेले आहे. माता रमाईंनी पंढरपूरला जाण्याची इच्छा बोलून दाखवली होती. जे पंढरपूर आपल्या माणसांना दाराबाहेर उभे करते, तेथे जाऊन काय करायचे, आपण दुसरे पंढरपूर उभे करू, अशा अर्थाचे उत्तर बाबासाहेबांनी दिले. ही आठवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये येवल्याची घोषणा झाली.

महाद्वारासमोर नामदेव पायरी आहे आणि तिच्या समोर चोखोबांची समाधी. चौदाव्या शतकातला हा संत मेल्यावरही दाराबाहेरच राहिला. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी येथे प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडले. मध्यस्थीसाठी आलेले दादासाहेब मावळंकर पुढे लोकसभेचे पहिले सभापती झाले. गुरुजींविषयी आम्हाला आदर आहे. पण बाबासाहेबांचे लक्ष तोवर दुसऱ्याच दाराकडे लागले होते. त्याच वर्षी २९ ऑगस्टला संविधानाचा मसुदा करणारी समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. रमाईंना सांगितलेले दुसरे पंढरपूर दीक्षाभूमीवर उभे राहिले, असे आपण म्हणतो आणि ते खरेच आहे. पण त्याचा पाया त्याआधी संविधानात घातला गेला होता.

त्या संविधानाचे ५८ वे कलम काढून पाहा. राष्ट्रपती होण्यासाठी काय लागते? भारताचे नागरिकत्व, वयाची ३५ वर्षे पूर्ण, आणि लोकसभेचा सदस्य होण्याची पात्रता. सरकारी लाभाचे पद नसावे, एवढी आणखी एक अट. जात, कुळ, धर्म, स्त्री-पुरुष यांचा कोठे उल्लेख नाही. उपराष्ट्रपतींचेही तसेच. तेथे पात्रता राज्यसभेची लागते, एवढाच फरक. देशाच्या सर्वात उंच दाराला बाबासाहेबांनी कडीच ठेवली नाही.

दार उघडे, पण वाट लांब

दार उघडे असले तरी आत जायला वेळ लागला. डॉ. राजेंद्रप्रसाद १९५० ते १९६२ अशी बारा वर्षे राष्ट्रपती होते. दोनदा निवडून आलेले ते एकटेच. त्यांच्यानंतर डॉ. राधाकृष्णन आणि मग डॉ. झाकीर हुसेन. ते ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच वारले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. पण त्यांना स्वतःलाच निवडणूक लढवायची होती म्हणून त्यांनी राजीनामा दिला आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी महिनाभर कारभार पाहिला. पुढे गिरी, फखरुद्दीन अली अहमद, नीलम संजीव रेड्डी, झैलसिंग, व्यंकटरामन, शंकरदयाळ शर्मा. आणि २५ जुलै १९९७ रोजी के. आर. नारायणन. म्हणजे पहिल्या राष्ट्रपतीपासून पहिल्या दलित राष्ट्रपतीपर्यंत ४७ वर्षे गेली.

पण पहिला प्रश्न असा की, या खुर्चीत अधिकार तरी किती? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांनी घटना समितीला हे स्वच्छ समजावून दिले होते. आपला राष्ट्रपती इंग्लंडच्या राजासारखा असेल. तो राष्ट्राचे प्रतिनिधित्व करील, राज्य करणार नाही. राज्य करील ते मंत्रिमंडळ, आणि मंत्रिमंडळ जबाबदार राहील लोकांनी निवडलेल्या सभागृहाला.

या रचनेचे मोल कळायला फार थांबावे लागले नाही. बाबासाहेबांचे हिंदू कोड बिल राजेंद्रप्रसादांना पसंत नव्हते. १९५१ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना तसे लेखी कळवले आणि आपण स्वतःच्या विचाराने निर्णय घेऊ, असेही सुचवले. राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालावे लागते, असे मत तेव्हाच्या कायदेपंडितांनी दिले. बिल रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. तो आपल्या आयाबहिणींसाठी दिलेला राजीनामा होता. पुढे बिलाचे तुकडे झाले आणि एकेक कायदा मंजूर झाला. १९५५ चा हिंदू विवाह कायदा, १९५६ चा वारसा कायदा. हे कायदे बौद्धांनाही लागू आहेत, हे भगिनींनी लक्षात ठेवावे. आणि त्यांवर राष्ट्रपती म्हणून सही कोणाची? त्याच राजेंद्रप्रसादांची!

याच राष्ट्रपतींनी काशीला ब्राह्मणांचे पाय धुतले होते आणि डॉ. राममनोहर लोहियांनी त्यावर कडाडून टीका केली होती. माणसाची श्रद्धा काहीही असो, सही मात्र संसदेच्या इच्छेप्रमाणेच करावी लागली. खुर्चीत बसणाऱ्याच्या मर्जीवर बाबासाहेबांनी आपले नशीब टांगून ठेवले नव्हते.

ट्रंकेतला कागद

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. 'आपल्याला काय मिळालं?' बाई, घरी जा आणि आईला ट्रंक उघडायला सांग. कापडात गुंडाळलेला जातीचा दाखला काढ. प्रांतसाहेबांची सही आणि शिक्का आपण नेहमी बघतो, पण मधला बारीक मजकूर कधी वाचत नाही. त्यात अनुसूचित जातींबाबतच्या १९५० च्या आदेशाचा उल्लेख असतो. तो आदेश राष्ट्रपतींचा आहे. संविधानाच्या ३४१ व्या कलमाप्रमाणे कोणत्या जाती अनुसूचित, हे पहिल्यांदा राष्ट्रपतींनी जाहीर करायचे आणि त्यानंतर त्यात भर घालायची किंवा काही वगळायचे तर ते फक्त संसदेने कायदा करून. म्हणजे राष्ट्रपती भवनातला एक कागद आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे.

पण त्या आदेशात एक वाक्य होते, ज्याने आपल्या एका अख्ख्या पिढीला रडवले. हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही, असे ते वाक्य. १९५६ मध्ये शिखांचा त्यात समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला आपण नागपुरात बुद्धाला शरण गेलो आणि दुसऱ्या दिवसापासून केंद्र सरकारच्या कागदावर आपण कोणीच उरलो नाही. महाराष्ट्र सरकारने १९६० मध्ये राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राच्या नोकऱ्या, केंद्राच्या शिष्यवृत्त्या मात्र बंदच. किती घरांत बाप विहारात पंचशील म्हणत होता आणि मुलाच्या दाखल्यावर जुनीच नोंद ठेवत होता, हे आम्ही सांगायला नको. धम्म घ्यावा की पोराची नोकरी, असा पेच ज्यांनी भोगला, त्यांतले कितीतरी आज हयात नाहीत.

३४ वर्षे हे चालले. मोर्चे निघाले, निवेदने गेली, दिल्लीच्या वाऱ्या झाल्या. अखेर १९९० मध्ये, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या तोंडावर, विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारने कायदा केला आणि त्या वाक्यात बौद्धांचा समावेश झाला. त्यावर राष्ट्रपती व्यंकटरामन यांची संमती झाली. व्यंकटरामन तमिळनाडूचे ब्राह्मण होते. १९५० च्या आदेशावर राजेंद्रप्रसाद, १९९० च्या कायद्यावर व्यंकटरामन. दोघेही आपल्यातले नव्हेत. एका कागदाने आपल्याला बाहेर ठेवले, दुसऱ्याने आत घेतले. फरक कशाने पडला? मधल्या ३४ वर्षांत रस्त्यावर उतरलेल्या माणसांनी, आणि त्यांचे ऐकणे भाग पडलेल्या संसदेने.

सही करण्यापूर्वी थांबणारा माणूस

मग खुर्चीत कोण बसतो याला काहीच महत्त्व नाही काय? आहे. फार आहे.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीचा कागद राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांच्यापुढे आला आणि त्यांनी सही केली. मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. फेब्रुवारी १९७७ मध्ये ते पदावर असतानाच वारले आणि उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती हंगामी राष्ट्रपती झाले. जत्ती आपल्या शेजारचेच. सोलापूरहून विजापूरमार्गे पुढे गेले की जमखंडी लागते, तेथले. त्या काळात नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करण्याचा सल्ला त्यांच्यापुढे आला. ते अडून बसले, पण शेवटी त्यांनी सही केली. नंतर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपतींना एक छोटासा पण मोलाचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिला. मंत्रिमंडळाचा सल्ला त्यांनी एकदा फेरविचारासाठी परत पाठवावा. तोच सल्ला पुन्हा आला तर मात्र मानलाच पाहिजे.

या एका परत पाठवण्यात माणसाची परीक्षा असते. नारायणन त्या परीक्षेला उतरले. केरळातल्या उळवूर गावचा हा मुलगा मैलोन् मैल चालत शाळेला जाई. फी थकली की वर्गाबाहेर उभा राहून धडा ऐके. टाटांच्या शिष्यवृत्तीवर तो लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेला, बाबासाहेब जेथे शिकले त्याच संस्थेत. पुढे परराष्ट्र सेवेत, चीन आणि अमेरिकेत राजदूत, राखीव मतदारसंघातून तीनदा खासदार. १९९२ मध्ये उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्यांना ७०१ पैकी ७०० मते मिळाली. १९९७ मध्ये ते टी. एन. शेषन यांचा मोठ्या फरकाने पराभव करून राष्ट्रपती झाले.

पदावर येऊन तीन महिने होत नाहीत तोच उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याचा सल्ला आला. नारायणन यांनी तो परत पाठवला. १९९८ मध्ये बिहारबाबतही तेच. सरकारे दोन वेगवेगळ्या पक्षांची, वागणूक एकच. वरिष्ठ न्यायाधीशांच्या नेमणुकांत अनुसूचित जाती-जमातींतील लायक व्यक्तींचाही विचार व्हावा, असा आग्रह त्यांनी धरला. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत रांगेत उभे राहून त्यांनी मतदान केले. पदावर असताना असे करणारे ते पहिले राष्ट्रपती. आणि जानेवारी २००० मध्ये, घटनेच्या फेरआढाव्याची भाषा जोरात असताना, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांनी विचारले की घटनेने आपल्याला निराश केले की आपणच घटनेला निराश केले? तो प्रश्न आजही शिळा झालेला नाही.

सोलापूरचा उमेदवार

उपराष्ट्रपतिपदाची गोष्ट तर आपल्या जिल्ह्याच्या उंबऱ्यापर्यंत आली होती. सोलापूरच्या न्यायालयात शिपाई म्हणून काम केलेले, पुढे पोलीस फौजदार झालेले आणि मग करमाळ्यातून राजकारणात उतरलेले सुशीलकुमार शिंदे २००२ मध्ये या पदाचे उमेदवार होते. समोर भैरोसिंह शेखावत. १२ ऑगस्टला मतदान झाले. शेखावत यांना ४५४, शिंदे यांना ३०५. शिंदे पडले, पण पुढच्याच जानेवारीत ते महाराष्ट्राचे पहिले दलित मुख्यमंत्री झाले.

येथे एक गोष्ट लेकरांना समजावून द्यावी. उपराष्ट्रपतींना फक्त संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य निवडतात, प्रत्येकाचे मत एक. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आमदारही मत देतात आणि तेथे मताला मोल असते. राज्याची १९७१ ची लोकसंख्या आमदारांच्या संख्येने भागायची आणि पुन्हा हजाराने भागायचे. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचे मोल येते १७५. चोखोबांचे मंगळवेढे आणि चोखोबांची समाधी असलेले पंढरपूर आज एकाच विधानसभा मतदारसंघात आहेत. ज्या माणसाला दाराबाहेर ठेवले, त्याच्या गावाचे १७५ चे मोल आज राष्ट्रपती निवडताना मोजले जाते. २००२ मध्ये पंढरपूर लोकसभा मतदारसंघ राखीव होता आणि खासदार होते रामदास आठवले. २००९ पासून पंढरपूर सोलापूर लोकसभा मतदारसंघात आहे, तोही राखीव. ९ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्राचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती म्हणून निवडून आले. मते ४५२ विरुद्ध ३००. त्या निवडणुकीत पंढरपूरच्या खासदार म्हणून मताचा अधिकार होता प्रणिती शिंदे यांना, म्हणजे २००२ च्या त्या उमेदवाराच्या कन्येला.

मान आणि अधिकार

आपल्या महाराष्ट्राने राष्ट्रपती दिला तो एकच, आणि ती स्त्री. जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावच्या प्रतिभाताई पाटील. २५ जुलै २००७ रोजी त्यांना शपथ देणारे सरन्यायाधीश होते के. जी. बालकृष्णन, नारायणन यांच्याच केरळातले आणि त्या पदावर पोहोचलेले पहिले दलित. २०१७ मध्ये तर रामनाथ कोविंद आणि मीरा कुमार असे दोन्ही उमेदवार दलितच होते. निवडून आल्यावर दोन महिन्यांत कोविंद दीक्षाभूमीवर आले आणि २०२२ मध्ये बाबासाहेबांच्या मूळ गावी आंबडव्यालाही गेले. आणि १४ मे २०२५ चे दृश्य आपण सर्वांनी पाहिले. संथाळ आदिवासी समाजातून आलेल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू शपथ देत होत्या आणि अमरावतीचे भूषण गवई देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश म्हणून शपथ घेत होते. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी ते निवृत्त झाले. पण ते दृश्य पाहताना आमच्याप्रमाणेच अनेकांचे डोळे भरून आले असतील.

तरीही डोळे पुसून विचार करावा लागतो. २८ मे २०२३ रोजी संसदेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले, ते पंतप्रधानांच्या हस्ते. राष्ट्रपती तेथे नव्हत्या, आणि त्यावरून अनेक विरोधी पक्षांनी बहिष्कार घातला. ज्या संसदेचा राष्ट्रपती हा घटनेनेच एक भाग आहे, तिचे दार उघडताना राष्ट्रपतीच गैरहजर. मान देणे आणि मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपला माणूस खुर्चीत बसला म्हणून गावकुसाबाहेरची वस्ती आपोआप गावात येत नाही.

म्हणून त्या मुलीला आमचे उत्तर असे. बाळ, आपले दोघे राष्ट्रपती झाले, यातून आपल्याला कळले की दार खरेच उघडे आहे. यापलीकडे आयते काही मिळाले नाही आणि मिळणारही नव्हते. तुझ्या घरातला दाखला राष्ट्रपतींच्या आदेशावर उभा आहे, पण त्यात बौद्ध हा शब्द घालायला तुझ्या आजा-आजीला ३४ वर्षे झगडावे लागले. खुर्चीतला माणूस सही करतो. ती सही कशावर होणार, हे संसद ठरवते. संसदेत कोण बसणार, हे तुझी आई मतदान केंद्रावर ठरवते. आणि सहीपूर्वी थांबून 'पुन्हा विचार करा' म्हणणारा नारायणन यांच्यासारखा माणूस घडतो तो शाळेत, वर्गाबाहेर उभे राहूनही धडा न सोडणाऱ्या पोरांतून.

मातापित्यांना एक विनंती. येत्या रविवारी ट्रंक उघडा, दाखला बाहेर काढा आणि त्यातला बारीक मजकूर मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. पंधरा नावे पाठ झाली तर उत्तमच. पण त्या कागदामागची ३४ वर्षे पाठ झाली पाहिजेत.

जयभीम! नमो बुद्धाय!